ऊद पारखायचा कसा: नवी बाटली घेण्याआधी करायची तयारी

उदबत्तीतला ऊद आणि अगरबत्तीतलं अगर हे एकच लाकूड. पहिलं नाव अरबीतून आलं, दुसरं संस्कृतातल्या अगरूवरून. ही नावं आपण रोज घेतो, पण त्या लाकडाचा वास बहुतेकांनी कधी घेतलेला नसतो. त्यात आणखी एक गुंता आहे. आपल्याकडे ‘ऊद घालणं’ म्हणतात तेव्हा निखाऱ्यावर पडतो तो बहुधा लोबान, म्हणजे वेगळ्याच झाडाचा डिंक. त्यामुळे एखाद्या ‘निश’ परफ्यूम हाउसचा, म्हणजे मोजक्या शौकिनांसाठी सुगंध बनवणाऱ्या छोट्या घराण्याचा, नवा ऊद हातात आला की आपलं नाक देवघराच्या वासाची वाट बघतं, आणि समोर येतं ते ओलं चामडं, धूर, औषधाची बाटली, कधी चक्क गोठा. कुणी लगेच नाक मुरडतं, तर कुणी ‘महागाचं आहे म्हणजे चांगलंच असणार’ असं मानून पैसे मोजतं.

मी दुसऱ्या प्रकारातला होतो. विमानतळावरच्या एका दुकानात कागदाच्या पट्टीवर दहा मिनिटं वास घेतला आणि बाटली घेतली. संध्याकाळी तोच वास कपाळात घुसत होता. ती बाटली तीन वर्षं कपाटात पडून राहिली. त्यानंतर मी जी पद्धत स्वतःला लावून घेतली, ती इथे सविस्तर लिहितो आहे. तिचं सार एवढंच की ऊद दुकानात ठरवायचा नसतो. त्याला अख्खा दिवस द्यावा लागतो.

आधी ते लाकूड समजून घ्या

हे झाड अक्विलेरिया वंशातलं. आसामात त्याला सांची म्हणतात. तिथे सुपारीच्या झाडांबरोबर घराच्या परसातही ते लावतात. निरोगी सांचीचं लाकूड फिकट, हलकं असतं आणि त्याला सुगंध नसतो. खोडाला कीड पोखरते, त्या वाटेने बुरशी आत शिरते आणि झाड स्वतःला वाचवण्यासाठी त्या जागी गडद राळ साठवू लागतं. वर्षानुवर्षं साठलेल्या या राळेने जो भाग काळपट, जड होतो तो अगर. त्याचे तुकडे जाळण्यासाठी विकतात. कमी प्रतीचं लाकूड पाण्यात भिजत घालून, मग उकळून त्याच्या वाफेतून तेल काढतात. लाकूड किती दिवस भिजत ठेवलं यावर तेलाचा स्वभाव ठरतो. जास्त दिवस आंबवलं की तो प्रसिद्ध गोठ्याचा वास येतो. काही लोकांना तोच हवा असतो, ही गोष्ट नवख्याला पटायला वेळ लागतो.

आपल्या देशात या व्यापाराचं मोठं गाव म्हणजे आसामातलं होजाई. तिथून मुंबईमार्गे आखाती देशांत हा माल जात आला आहे. आज दुबईचं म्हणून ओळखलं जाणारं अजमल हे अत्तराचं घराणंही मूळचं होजाईचंच.

जंगलातलं झाड इतकं तोडलं गेलं, की १९९५ पासून अक्विलेरिया मलाक्केन्सिस ही आपली जात ‘साइट्स’ या धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात, म्हणजे परवान्याशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही अशा यादीत आहे, आणि २००५ पासून अक्विलेरियाच्या सगळ्याच जाती त्यात आल्या. आता लागवडीच्या झाडांना मुद्दाम छिद्रं पाडून, बुरशी टोचून राळ धरायला लावतात. तरीही चांगलं तेल महागच राहतं.

म्हणूनच पहिली गोष्ट मनाशी पक्की करा. दुकानात ‘ऊद’ नावाने मिळणाऱ्या बहुतेक फवाऱ्याच्या बाटल्यांत खरं तेल नसतं किंवा अगदी थोडं असतं. ऊदाचा भास घडवणारं मिश्रण असतं, त्याला अकॉर्ड म्हणतात. यात फसवणूकच असते असं नाही. पश्चिमेकडे ऊदाची लाट आणणाऱ्या बाटल्यांत २००२ चा ईव्ह सां लोराँचा ‘एम ७’ आणि २००७ चा टॉम फोर्डचा ‘ऊद वूड’ यांची नावं घेतली जातात. त्यांनी हा वास घासूनपुसून, मऊ करून नव्या लोकांपर्यंत नेला. उत्तम अकॉर्ड हे कारागिराचं कामच आहे. फक्त अकॉर्डला तेलाची किंमत मोजू नये.

नाकाचा गृहपाठ

या अकॉर्डमध्ये वारंवार वापरला जाणारा एक घटक आपल्या ओळखीचा आहे: नागरमोथा. दिवाळीच्या उटण्यातला. त्याच्या तेलात लाकूड, धूर, माती आणि थोडं चामडं असं सगळं असतं, म्हणून जगभरचे परफ्यूमर ऊदाचा सांगाडा उभा करायला ते घेतात. तेव्हा बाटली शोधण्याआधी काष्ठौषधींच्या दुकानातून थोडा नागरमोथा आणा, कुटा आणि कोमट पाण्याचे दोन थेंब टाकून वास घ्या. सोबत चार-दोन आणखी वास ओळखीचे करून ठेवा: केशराच्या काड्या, गुलाबाचं अत्तर, खस, आणि नव्या कोल्हापुरी चपलेचं कमावलेलं कातडं. ऊदाच्या परफ्यूममध्ये यांतलं काही ना काही जवळजवळ नेहमी सापडतं. गुलाब आणि ऊद ही तर अरबांची जुनी जोडी. केशर आणि ऊद ही आजच्या निश बाटल्यांतली लोकप्रिय जोडी.

एवढ्या गृहपाठाने मोठा फरक पडतो. ‘काहीतरी उग्र’ असं वाटण्याऐवजी ‘वर केशर आहे, खाली नागरमोथा, मध्ये चामडं’ असं दिसायला लागतं. एकदा दिसायला लागलं की जाहिरातीतल्या वाळवंटांचा आणि राजवाड्यांचा प्रभाव आपोआप कमी होतो.

वर्णन वाचताना

नव्या बाटलीचं वर्णन आलं की त्यात तेलाचा देश सांगितला आहे का ते बघा. आसामी, म्हणजे बाजारात ज्याला ‘हिंदी’ म्हणतात, ते तेल चामडी, मसालेदार, धुरकट आणि जनावरी वळणाचं. कंबोडी गोडसर, पिकलेल्या फळासारखं, सुकवलेल्या आलुबुखारसारखं. बोर्निओचं हलकं, मोकळं, स्वच्छ लाकडाचं, त्यात कधी पुदिन्यासारखा थंडावा. हे ढोबळ आहे, कारण भिजवण्याने आणि उकळण्याने बरंच बदलतं; पण सुरुवात कुठून करायची ते यावरून ठरवता येतं. पहिलाच ऊद असेल तर बोर्निओ किंवा कंबोडी वळणाचा घ्या. हिंदी ऊद पहिल्या दिवशी अंगावर घेऊ नका. त्याच्याकडे वर्षभराने या, तेव्हा तो समजेल. माझ्या मते सर्वांत श्रेष्ठ तोच आहे.

घटकांची यादी वाचून खरा-खोटा ठरवता येत नाही. सुगंधाचा सगळा मसाला ‘परफ्यूम’ या एका शब्दात झाकलेला असतो. त्यापुढे ॲलर्जी देऊ शकणारे काही घटक तेवढे वेगळे लिहितात. म्हणून सरळ विचारा: यात खरं ऊदतेल आहे की अकॉर्ड? असल्यास कुठलं? लहान घराण्यांना असं लिहून विचारलं तर उत्तर मिळतं. ‘ते आमचं गुपित आहे’ एवढंच उत्तर आलं, तर ती बाटली अकॉर्ड समजून तिची किंमत ठरवा.

नमुना आणि परीक्षेचा दिवस

अख्खी बाटली कधीच आधी घेऊ नका. बहुतेक निश घराणी २ मिलीच्या कुप्या किंवा नमुन्यांचा संच विकतात. एका फवाऱ्यात साधारण ०.१ मिली द्रव येतो, म्हणजे २ मिलीत वीसेक फवारे. पारखायला हे भरपूर आहेत.

दिवस असा निवडा की घाई नसेल आणि सर्दी नसेल. आंघोळ साध्या साबणाने करा. केसांना वासाचं तेल नको, कपड्यांना फॅब्रिक कंडिशनरचा वास नको. आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला एक थेंब लावून कातडी लाल होत नाही ना, हे बघून ठेवा. संवेदनशील त्वचा असेल तर हे चुकवू नका.

सकाळी एक फवारा कागदाच्या पट्टीवर मारा आणि पट्टीवर पेन्सिलने वेळ लिहा. दुसरा हाताच्या आतल्या बाजूला, मनगटाच्या थोडा वर. चोळू नका, तसाच वाळू द्या. पहिली दोन मिनिटं अल्कोहोलची असतात, ती सोडून द्या. मग वही काढा.

दहाव्या मिनिटाला जे दिसतं ते विक्रेत्याला तुम्हाला दाखवायचं असतं: केशर, वेलदोडा, मिरी, संत्र्याची साल. ते आवडलं तरी त्यावर भाळू नका. तासाभराने गाभा येतो, आणि ऊद असेल तर इथे कळतो. अकॉर्ड साधा असेल तर वास एकाच जागी उभा राहतो. जाडसर, धुरकट, पण न हलणारा. खरं तेल असेल, किंवा अकॉर्ड फार हुशारीने रचलेला असेल, तर वास हलत राहतो. आत्ता चामडं, थोड्या वेळाने गोडवा, मग परत लाकूड.

चौथ्या तासाला एक खास गोष्ट तपासा. आजच्या अनेक ऊद परफ्यूममध्ये वास लांबवर पसरावा म्हणून ‘अंबर वूड’ नावाने ओळखली जाणारी कृत्रिम रसायनं घालतात. ती कोरडी, टोकदार असतात. नाकात सुई टोचल्यासारखी किंवा गरम इस्त्रीच्या वाफेसारखी. काहींना ती जाणवतच नाहीत, काहींचं डोकं उठतं. माझ्या त्या पहिल्या बाटलीचा दोष हाच होता, आणि दहा मिनिटांत तो कळणं शक्यच नव्हतं. याच वेळी घरातल्या दुसऱ्या माणसाला विचारा. आपलं नाक सततच्या वासाला थकतं आणि आपल्याला वाटतं वास उडाला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज येतो, ‘अजून किती मारलंयस?’

आठव्या तासाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जे उरतं, तेच तुम्ही खरं विकत घेता. उशीच्या अभ्र्यावर, शर्टाच्या बाहीवर जो वास राहिला तो नकोसा वाटला, तर बाटली नको. तो शोधून शोधून घ्यावासा वाटला, तर पुढे जा.

असे तीन दिवस करा: एक एसीत बसायचा, एक घाम येणारा, एक संध्याकाळी बाहेर जायचा. मुंबईच्या दमट हवेत ऊद फुगतो आणि त्यातलं जनावरी अंग वर येतं. नाशिकच्या डिसेंबरात तोच अंगाजवळ, शालीसारखा राहतो. एका दिवसात दोनपेक्षा जास्त ऊद लावू नका. मध्येच नाक थकलं तर दुकानात त्यासाठी ठेवतात त्या कॉफीच्या बियांपेक्षा स्वतःच्या कोपराचा, जिथे काही लावलेलं नाही तिथला वास घ्या.

अत्तराच्या दुकानात

फवाऱ्याच्या बाटलीइतका पैसा घालणार असाल, तर त्याआधी एकदा मुंबईत मोहम्मद अली रोडला, मिनारा मशिदीच्या आसपासच्या अत्तरवाल्यांकडे जाऊन या. तिथे ऊदाचं तेल नुसतं, अल्कोहोलशिवाय मिळतं. त्याला ‘दहन अल ऊद’ म्हणतात, मिश्रणाला ‘मुखल्लत’. माप तोळ्याचं: एक तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम, व्यवहारात १२ मिलीची कुपी. पाव तोळा म्हणजे ३ मिली, आणि पहिल्या खरेदीला तेवढंच पुरे.

दुकानदार काचेच्या काडीने हातावर लावेल, आणि एकामागून एक लावतच जाईल. त्याला नम्रपणे थांबवा. ‘एका हाताला हिंदी, दुसऱ्या हाताला कंबोडी, बाकी पुढच्या वेळी’ असं सांगा. मग बाहेर पडा, चहा घ्या, तासभर फिरा आणि परत या. जुना दुकानदार याने रागावत नाही. असं गिऱ्हाईक घाई करणाऱ्यापेक्षा जास्त वर्षं टिकतं, हे त्याला माहीत असतं.

दोनशे-तीनशे रुपयांत ‘शुद्ध ऊद’ म्हणून मिळणारी ६ मिलीची कुपी शुद्ध नसते. लाकडाच्या आणि मजुरीच्या हिशेबात ते बसतच नाही. ती पातळ केलेली किंवा कृत्रिम असते. छान वास असेल तर जरूर घ्या, पण मुखल्लत म्हणून. कागदावर डाग राहतो का, पाण्यात तरंगतं का, असल्या चाचण्यांवर विसंबू नका. शुद्ध ऊदतेलही जड असतं आणि कागदावर डाग ठेवतं. भेसळ नक्की ओळखायची तर प्रयोगशाळेतली तपासणी लागते. आपल्या हातात आहे ती एकच चाचणी: वेळ.

पैशाचा हिशेब

बाटलीची किंमत मिलीने भागा, मग दहाने. समजा ५० मिलीची बाटली २०,००० रुपयांची आहे. ४०० रुपये मिली, म्हणजे एक फवारा ४० रुपयांचा. आता वर्षातून किती वेळा लावणार ते प्रामाणिकपणे मोजा. ऊद रोजचा नसतो. लग्नसमारंभ, थंडीतल्या संध्याकाळी, दिवाळी असे साठ दिवस धरले आणि दर वेळी दोन फवारे, तर वर्षाला १२ मिली लागतात. ती बाटली चार वर्षं पुरेल. तेव्हा १० किंवा १५ मिलीची लहान बाटली मिळत असेल तर मिलीमागे थोडे जास्त पैसे देऊनही तीच घ्या. दोघातिघांनी मिळून मोठी बाटली घेऊन वाटून घेणं हाही चांगला मार्ग आहे.

लावताना

ऑफिसला एक फवारा, तोही शर्टाच्या आत छातीवर. लोकलने जाणार असाल तर उतरल्यावर लावा. गर्दीच्या डब्यात शेजारच्याला तो टाळता येत नाही. तेल असेल तर काडीचं टोक टेकेल इतकंच, कानामागे. कानात अत्तराचा फाया ठेवायची आपल्याकडची जुनी रीत ऊदाला फार शोभते: कापूस वास धरून ठेवतो आणि हळूहळू सोडतो.

पैठणीवर किंवा कुठल्याही रेशमावर ऊदतेल थेट लावू नका. ते गडद असतं, डाग जात नाही. आधी अंगाला लावा, वाळू द्या, मग साडी नेसा. फिकट सुती सदऱ्यालाही हेच.

लाकूड जाळायचं असेल तर

परफ्यूम घेऊनही मन भरलं नाही, तर थोडे अगराचे तुकडे आणा. जाळलेल्या लाकडाचा वास तेलासारखा नसतो, कारण राळेतली काही द्रव्यं तापल्यावर फुटतात तेव्हाच सुवासिक होतात. गोठा अजिबात नसतो. गोड, थंड, उंच चढणारा वास असतो. ज्यांना ऊद आवडत नाही असं वाटतं, त्यांनी निकाल देण्याआधी एकदा हा घ्यावा.

धुपाटण्यात निखारा ठेवा, त्यावर राखेचा पातळ थर द्या आणि नखाएवढा तुकडा राखेवर ठेवा. थेट निखाऱ्यावर ठेवलात तर लाकूड जळतं आणि वास करपतो. राळ बुडबुडताना दिसली की आच बरोबर आहे. तुकडा काळा कोळसा होण्याआधी काढा. आखातात अशा धुरावर कपडे धरतात, केस धरतात. बाळंतिणीच्या केसांना धुरी देणाऱ्या घरांना हे नव्याने शिकवावं लागणार नाही. फक्त खिडकी उघडी ठेवा, आणि घरात दमा असेल तर हा प्रकार नकोच.

तुकडे घेताना काळेपणावर जाऊ नका. फिकं लाकूड रंगवून, तेलात बुडवून काळं करून विकतात. तुकडा मोडून बघा: राळेच्या रेषा आतपर्यंत गेलेल्या हव्यात, वरचा लेप नुसता नको. विक्रेत्याला एक तुकडा तापवून दाखवायला सांगा. लेपाचा धूर घशाला लागतो.

ठेवण आणि प्रवास

बाटली न्हाणीघरात नको, खिडकीत नको. कपाटात, खोक्यासकट ठेवा. अल्कोहोलवाला परफ्यूम उष्णतेने खराब होतो. ऊदतेल मात्र घट्ट बंद आणि अंधारात ठेवलं तर वर्षागणिक मऊ होत जातं.

परदेशातून आणताना किंवा नेताना साइट्सची अट लक्षात ठेवा. किरकोळ विक्रीसाठी बंद केलेला तयार परफ्यूम तिच्यात अडकत नाही. लाकडाचे तुकडे मात्र अडकतात. वैयक्तिक सामान म्हणून माणशी १ किलो तुकडे आणि २४ मिली तेल अशी सूट करारात आहे, पण प्रत्येक देश ती तशीच लावेल असं नाही. निघण्याआधी दोन्हीकडचे नियम बघा आणि पावती जवळ ठेवा.

तेलाची कुपी संपली की धुऊ नका. काचेला चिकटलेला शेवटचा थर सहजासहजी निघत नाही. तोंडाला कापूस लावून ती लोकरीच्या शालींच्या कप्प्यात ठेवून द्या, पुढच्या थंडीत शाली काढाल तेव्हा त्यांना तो वास असेल.